मधोमध खांब

इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेटच्या किनाऱ्यावर सेंट ऑल्डहेल्म्स हेड नावाचं भूशिर आहे. उंची शंभर मीटरहून जास्त, झाडाचा आडोसा नाही, वारा अखंड. त्याच्या टोकाशी बाराव्या शतकातलं एक छोटं चॅपेल आहे. वर्थ मॅट्रॅव्हर्स या गावातून तिथवर चालतच जावं, कारण ही वास्तू लांबून हळूहळू वाढत जाताना पाहण्यात खरी मजा आहे. मनोरा नाही, सुळका नाही. दगडी फरश्यांचं चौपाखी छप्पर डोक्यावर ओढून चार भिंती बसल्यात, एवढंच.

जवळ गेल्यावर पहिली विसंगती जाणवते. चर्चची वेदी पूर्वेला, हा त्या काळचा शिरस्ता. इथे पूर्वेकडे भिंतच नाही, कोपरा आहे. चारही दिशांना कोपरे. वाऱ्याला धार दाखवावी म्हणून वास्तू तिरकी बसवली असेल म्हणावं, तर इथला मुख्य वारा नैऋत्येचा. तो एका अख्ख्या भिंतीवर सपाट आदळतो. दार मात्र समुद्राकडे पाठ करून वायव्येच्या भिंतीत आहे. अर्धवर्तुळाकार नॉर्मन कमान, तीही बेताची.

आत पाऊल टाकलं की समोर येतो तो खांब. चौकोनी, जाडजूड, बरोबर मध्यात. खोली आतून जेमतेम पावणेआठ मीटर लांब-रुंद आणि तिच्या ऐन मध्यात हा! त्याच्यापासून सपाट कापलेल्या दगडी फासळ्या निघतात आणि छताचे चार सारखे चौक पाडतात. आपल्या देवळांच्या सभामंडपात चार खांब मधली जागा मोकळी सोडतात, कारण तिथे काहीतरी घडायचं असतं. इथे घडायची जागाच खांबाने घेतली आहे. कुठेही उभे राहा, खोलीचा एक तुकडा लपतोच. चार माणसांनी एकत्र बसून काही पाहावं, अशी ही रचना नाही.

उजेडाचीही तीच तऱ्हा. आग्नेयेच्या भिंतीत एकच अरुंद खिडकी. तिच्यातून आलेली पट्टी एका चौकात सांडते, उरलेले तीन अंधारात राहतात. डोळे सरावले की फासळ्या एकेक करून वर येऊ लागतात. शिल्पकाम जवळजवळ नाहीच. सगळी कमाई वजन आणि सावली यांची.

दंतकथा सांगते की ११४० मध्ये एक बाप किनाऱ्यावरून पाहत असताना त्याची मुलगी आणि जावई बुडाले. त्यांच्या आठवणीत, खलाशांसाठी दिवा ठेवायला त्याने हे बांधलं. गोष्ट गोड आहे, पण मला छत वेगळंच सांगतं. फासळ्यांच्या छताचं तंत्र तेव्हा नवं होतं. डरहॅमच्या कॅथीड्रलचं काम १०९३ मध्ये सुरू झालं, त्यात ते मोठ्या प्रमाणावर दिसलं. असं काम जाणणारा गवंडी या ओसाड टोकावर आणायचा, तर पैसा आणि सत्ता मागे हवी. एका खांबावर चार चौक तोलणारी खोली मला तरी किल्ल्याच्या तळघराची आठवण करून देते, आणि कॉर्फचा राजकिल्ला इथून फार दूर नाही. टेहळणीची चौकी की प्रार्थनेची जागा, यावर जाणकारांचं एकमत नाही. वेदीची जुनी खूणही आत ठळक नाही.

लोकांनी मात्र वास्तूचा वापर आपल्या परीने ठरवला. खांबावर पिढ्यान्‌पिढ्यांची आद्याक्षरं कोरलेली आहेत. खांबातल्या एका भोकात टाचणी टाकून मुली मनाजोगता नवरा मागत, म्हणून हे इच्छापूर्तीचं चॅपेल. एकोणिसाव्या शतकात डागडुजी झाली आणि ते पुन्हा प्रार्थनेसाठी रीतसर उघडलं. उन्हाळ्यात आजही तिथे उपासना होते. लोक खांबाच्या दोन्ही बाजूंना वाटून बसतात आणि अर्ध्यांना पुरोहित नुसता ऐकू येतो.