‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ म्हणजे काय झाले?

फ्ल्यूनंतर न्यूमोनिया का होतो, असे वर्गात विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘प्रतिकारशक्ती कमी होते म्हणून.’ या उत्तराला गुणही मिळतात. पण त्यातून नेमके काय कळते? उंदरांवरील दोन प्रयोगांच्या आधारे हे उत्तर तपासून पाहू.

मॅककलर्स व रेग यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना आधी फ्ल्यूच्या विषाणूची व नंतर न्यूमोकोकस जीवाणूची लागण केली. सगळे उंदीर मेले. क्रम उलटा केला तेव्हा मात्र फ्ल्यूपासून संरक्षण मिळाले आणि जगणाऱ्यांचे प्रमाण वाढले. दोन आजारांची ही नुसती बेरीज असती, तर क्रम बदलल्याने इतका फरक पडता ना.

सन व मेट्झगर यांचा २००८ मधील प्रयोग आणखी पुढे जातो. फ्ल्यूशी लढताना टी-पेशी गॅमा इंटरफेरॉन तयार करतात. याच इंटरफेरॉनमुळे फुप्फुसातील भक्षकपेशींची जीवाणू गिळण्याची क्षमता घटते. ते निष्प्रभ केल्यावर उंदरांना जीवाणूंचा वाढीव धोका राहिला नाही. म्हणजे प्रतिकारयंत्रणा सरसकट दुबळी झाली नव्हती. तिच्या एका भागाचे जोमाचे काम दुसऱ्या भागाच्या आड येत होते. आपले ठरलेले उत्तर नेमके हेच झाकून टाकते.

अर्थात, हे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावणेही चूक ठरेल. प्रयोगशाळेत लागणीचा दिवस आणि मात्रा संशोधक ठरवतो. उलट, अनेक निरोगी मुलांच्या नाकाघशात न्यूमोकोकस आधीपासूनच मुक्कामाला असतो. म्हणून त्यांना फ्ल्यूपासून संरक्षण मिळते, असे उंदरांवरून म्हणता येणार नाही.

तरीही विषाणू व जीवाणूंची ही घातक जोडी केवळ उंदरांपुरती नाही. १९१८-१९च्या साथीत दगावलेल्या ५८ जणांच्या फुप्फुसांचे जतन केलेले नमुने २००८ साली पुन्हा तपासले गेले. त्या सर्वांत जीवाणूजन्य न्यूमोनियाच्या खुणा होत्या.

तेव्हा विद्यार्थ्याने ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ असे लिहिले, तर त्याला आणखी तीन प्रश्न विचारावेत : आधी लागण कोणाची झाली? कोणत्या पेशींचे काम अडले? आणि हे कोणत्या प्राण्यात दिसले?