‘शायर अँड फंक’ : शब्द आणि यंत्र

काव्याचें व यंत्राचें सख्य जमणें दुर्घट, अशी आम्हां साहित्याच्या अध्यापकांची जुनी समजूत. मुंबईच्या ‘शायर अँड फंक’ या जोडीनें माझ्यापुरती तरी ती डळमळीत केली. मोनिका डोग्रा ही अमेरिकेंत वाढलेली गायिका; रँडॉल्फ कोरिया हा ‘पेंटाग्राम’ या मुंबईच्याच रॉक वाद्यवृंदांतील गिटारवादक. दोघांचा पहिला संग्रह ‘न्यू डे’ २००७ सालीं निघाला.

या संग्रहांत गायिका पुष्कळदां गाण्यापेक्षां बोलतेच अधिक. यंत्रावर बांधलेला ताल फिरत राहतो. शब्द कधीं त्याच्या पुढें धांवतात, कधीं मुद्दाम मागें रेंगाळतात, आणि त्या ओढाताणींतून अर्थ उमटतो. कीर्तनांत बुवा गद्यांतून पद्यांत नकळत शिरतात, तें ज्यानें ऐकलें आहे त्याला ही रीत परकी वाटूं नये.

इंग्रजी गीतें म्हणून नाक मुरडणारे स्नेही पुण्यांत मला भेटतात. इंग्रजी काव्य शिकवून ज्यानें संसार केला, त्याच्या तोंडीं तो आक्षेप शोभणार नाहीं! माझी तक्रार निराळी आहे. २००८ च्या ‘लाइट ट्राइब’नंतर २०१० सालीं ‘मँटिस’ आला. त्यांत ध्वनि सफाईदार झाला, नृत्याला सोयीचा झाला, पण शब्द तालाला केवळ टेकू देऊं लागले. शायराची आतां यंत्राला अडचणच होत असावी. नाचाच्या गाण्यांत अर्थ शोधण्याची मला खोड आहे, असें घरांतील तरुण मंडळी म्हणतात. असेल, मी मात्र पुन्हा ‘न्यू डे’च लावतों.