दक्षिणा, ‘तृतीय रत्न’ आणि विसावा भाग

आपल्याकडे दानाचा हिशेब पुण्याच्या वहीत मांडला जातो. म्हणून दान कोणी दिले, किती दिले, याची चर्चा होते. ते कोणाला द्यायचे हे ठरवणारा कोण, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. शिक्षणासाठी आणि कलेसाठी ठरवून, नियमाने दिल्या जाणाऱ्या पैशाचा विचार करताना मला हाच प्रश्न कळीचा वाटतो. जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ या नाटकाचा आशय आणि त्या नाटकाच्या वाट्याला आलेली उपेक्षा, दोन्ही याच प्रश्नाशी येऊन भिडतात.

पेशवाईत पुण्याला श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. महिना ठरलेला, घेणाऱ्याची जात ठरलेली आणि पैसा रयतेच्या घामाचा. दान योजनाबद्ध असले की ते न्याय्यही असते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. १८१८ नंतर कंपनी सरकारने ही प्रथा एकदम मोडली नाही. तिच्यातला काही पैसा १८२१ साली पुण्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. १८४९ साली काही सुधारक तरुणांनी अर्ज केला, की हा पैसा मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी वापरावा. फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे दक्षिणा प्राइज कमिटी आली. पात्रता जन्मावरून ग्रंथावर आली, निदान कागदावर तरी.

१८५५ साली फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहून याच कमिटीकडे पाठवले. नाटकाचा विषयच मुळी दान हा आहे. एक जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो आणि ती टाळण्यासाठी ब्राह्मणभोजन सांगतो. घरात नसलेला पैसा कर्ज काढून उभा केला जातो. ज्याच्याजवळ काही नाही तो देतो, आणि किती द्यायचे, केव्हा द्यायचे, कोणाला द्यायचे हे घेणारा ठरवतो. पाद्र्याची भाषणे लांबतात, त्यामुळे नाटक मध्ये सैल पडते, हे मान्य केले पाहिजे. पण विदूषकाला फुल्यांनी जे काम दिले आहे ते विलक्षण आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाची करमणूक करतो. इथला विदूषक शोषणाची रीत प्रेक्षकाला उलगडून दाखवतो. शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेची वाट धरते. तिसरे रत्न म्हणजे तिसरा डोळा, म्हणजे विद्या.

कमिटीने नाटक नाकारले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) नोंदवून ठेवले आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की महार-मांगांच्या मुलांसाठी फुले आणि त्यांचे सहकारी चालवीत असलेल्या शाळांना दक्षिणा फंडातून मदत मिळालेली होती. अक्षर शिकवायला पैसा होता. त्या अक्षरातून उगवलेल्या प्रश्नाला मात्र नव्हता. हे नाटक छापून वाचकांसमोर यायला १९७९ साल उजाडावे लागले. ‘पुरोगामी सत्यशोधक’ या आपल्याच वळणाच्या नियतकालिकाने ते छापले. १२४ वर्षे एक कृती अंधारात राहिली, आणि तेवढा काळ मराठी नाटकाचा इतिहास तिच्यावाचून लिहिला गेला.

आजचे चित्र फार वेगळे आहे काय? २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगितले. त्या कामांच्या यादीत शिक्षण आहे, कला आणि संस्कृतीही आहे. वस्तीतल्या मुलांना वह्या-दप्तरे मिळतात, त्याला माझा नकार नाही. पण त्याच वस्तीतला मुलगा मोठा होऊन नाटक लिहील, शाहिरी करील, अनियतकालिक काढील, तेव्हा देणारा त्याला विचारणारच, की हे कोणाविरुद्ध आहे? ज्याच्या हितसंबंधांना धक्का लागतो त्याच्या मदतीवर विद्रोहाचे साहित्य फार काळ उभे राहू शकत नाही.

याचे उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले. याला मी दान म्हणत नाही, वर्गणी म्हणतो. दानात देणारा वर असतो; वर्गणीत देणाऱ्याला हिशेब मागण्याचा हक्क असतो. शिक्षण आणि कला यांची फारकतही बाबासाहेबांना मान्य नव्हती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या (१९४५) मिलिंद महाविद्यालयातच प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ साली उभे राहिले. वर्ग आणि रंगमंच एकाच आवारात होते.

मी महाविद्यालयात शिकवतो आणि माझ्यासारखे पहिल्या पिढीचे पगारदार आता गावोगाव आहेत. हिशेब साधा आहे. ४० हजार पगाराचा विसावा भाग म्हणजे महिना २ हजार. अशी वीस माणसे एका तालुक्यात निघाली तर वर्षाला ४ लाख ८० हजार रुपये होतात. त्यात वाचनालय चालते, दोन मुलांचे वसतिगृहाचे पैसे भागतात, एखाद्या कलापथकाचा प्रवासखर्च निघतो, एक त्रैमासिक जगते. जयंतीच्या मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर आपण किती उडवतो, ते ज्याने त्याने आपल्या गल्लीत मोजावे.

मात्र एक पथ्य पाळावे लागेल. या पैशाचा निर्णय करणाऱ्या मंडळात विद्यार्थी हवेत, स्त्रिया हव्यात, आपल्यातल्याच मागे राहिलेल्या जातींची माणसे हवीत. आणि आपल्यावर टीका करणारे हस्तलिखित आले तर ते नाकारण्याची कारणे लेखी देण्याचा नियम हवा. नाही तर आपलीही एक दक्षिणा कमिटी होईल, आणि तिच्या कपाटात कोणाचे तरी ‘तृतीय रत्न’ पडून राहील.