ताट आणि पाट

म्हातारपणीं पैशाचें काय करावें, या प्रश्नास वाङ्मयांत फारशी प्रतिष्ठा नाहीं. प्रेम, वियोग, मृत्यु हे कवींचे विषय. रोखे, वर्षासन, गहाणखत हे कारकुनांचे, अशी वांटणी आपण केव्हांच करून टाकली आहे. श्री. वि. वा. शिरवाडकर यांचें ‘नटसम्राट’ १९७० सालीं रंगभूमीवर आलें. तेव्हांपासून अप्पा बेलवलकरांच्या वाणीविषयीं आणि मुलांच्या कृतघ्नपणाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु अप्पांनीं आपली सारी मिळकत नंदा व नलू यांत वांटून टाकली, तो निर्णय कितपत शहाणपणाचा होता, याची चिकित्सा आमच्या वाचनांत क्वचितच आली.

याचा थोडा दोष नाटककाराकडेही जातो. वांटणी पहिल्याच अंकांत उरकते आणि मग पैसा रंगभूमीवरून जणूं नाहींसाच होतो. उरतो तो अपमान. ज्या लिअर राजाची छाया या नाटकावर आहे, त्यानें निदान शंभर सरदार आणि एकेक महिना एकेका मुलीकडे राहण्याचा करार तोंडीं कां होईना राखून ठेविला होता. अप्पांनीं तेंही केलें नाहीं. ताट द्यावें पण बसायचा पाट देऊं नये, ही आपली जुनी म्हण प्रत्येक प्रेक्षकास पाठ असते. तरीही तो डोळे पुशीत बाहेर पडतो तो असें समजून, कीं मुलें चांगलीं निघालीं असतीं तर निर्णयही चांगलाच ठरला असता. आम्हांस हें मान्य नाहीं. निर्णय मुळांतच चुकीचा होता. मुलें वाईट निघालीं म्हणून तो उघडकीस आला, इतकेंच.

बाल्झाकची ‘पेर गोरिओ’ ही १८३५ ची कादंबरी या बाबतींत अधिक खरी वाटते, कारण बाल्झाक हिशेब ठेवतो. (स्वतःचे हिशेब त्याला कधीं जमले नाहींत, हें निराळें.) शेवयांच्या व्यापारांत गबर झालेला गोरिओ दोन मुलींस अफाट हुंडे देऊन १८१३ सालीं, वयाच्या सुमारें एकोणसत्तराव्या वर्षीं, वोकेबाईच्या खाणावळींत राहावयास येतो. प्रथम पहिल्या मजल्यावर, वर्षाला १२०० फ्रँक देऊन. दोन वर्षांनीं दुसऱ्या मजल्यावर, ९०० फ्रँकांत. पुढें तिसऱ्यावर, महिना ४५ फ्रँकांत. म्हातारा जिना चढत जातो तसतशी त्याची पुंजी उतरत जाते. मुली पैसे नेतात हें लेखक प्रथम सांगत नाहीं. भाड्याचा आंकडाच तें सांगतो.

याहून मार्मिक भाग पुढें आहे. गोरिओपाशीं अखेरीस १३५० फ्रँकांचें कायमचें उत्पन्न देणारे सरकारी रोखे उरतात. ते तो विकतो, पंधरा हजारांत १२०० फ्रँकांचें तहहयात वर्षासन घेतो, आणि बाकीच्या रकमेंत धाकट्या मुलीसाठीं व तिच्या प्रियकरासाठीं बिऱ्हाड सजवितो. हा निव्वळ त्याग काय? नव्हे. त्या बिऱ्हाडाच्या वरची एक खोली तो स्वतःसाठीं योजतो. मुलीच्या पावलांचा आवाज कानीं पडावा म्हणून. वात्सल्यानें केलेली ही खरेदीच आहे. पण त्यानंतर थोरली मुलगी बारा हजारांची निकड घेऊन येते, तेव्हां देण्यास मुद्दल उरलेलें नसतें. शेवटीं तिच्या नाचाच्या पोषाखासाठीं तो चांदी विकून ६०० फ्रँक उभे करतो आणि वर्षासनाचा कागद एका वर्षाकरितां गोबसेक सावकाराकडे गहाण टाकून ४०० मिळवितो. उपजीविकेचें अखेरचें साधनही तारण पडलें, तें एका रात्रीच्या झग्यासाठीं!

गोरिओनें रोख्यांचें जें केलें तें आज आपल्याकडे घराचें करतां येतें. २००७ च्या अर्थसंकल्पांत उलट्या गहाणाची घोषणा झाली. साठी उलटलेल्या माणसानें राहतें घर बँकेस तारण द्यावें, बँकेनें त्यास नेमानें रक्कम द्यावी, नवराबायकोंनीं तेथेंच राहावें, आणि दोघांच्या पश्चात् वारसांनीं कर्ज फेडावें किंवा घर विकलें जावें. ही योजना फारशी रुजली नाहीं. कारण उघड आहे : घर हें आपल्याकडे बापाचें नसतेंच, तें मुलांचें असतें आणि बाप त्यांत राहत असतो. त्याच २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानें, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत अट मोडल्यास परत मिळविण्याची वाट ठेविली आहे. पण प्रेमानें देणारा अट लिहितो कोठें? अट लिहिली तर दानाची शोभा जाते, असें त्यास वाटतें. अप्पांनाही तसेंच वाटलें असतें.

बाल्झाकचा मृत्युप्रसंग लांबला आहे आणि त्यांतील आक्रोश कांहीं ठिकाणीं कर्कश होतो, हें कबूल केलें पाहिजे. परंतु त्यांतही एक गोष्ट तो विसरत नाहीं. आपण श्रीमंत राहिलों असतों तर मुली येथें उशाशीं असत्या, हें गोरिओस मरतांना पुरतें कळलेलें असतें. आणि हें कळूनही तो ओडेसाला जाऊन पुनः शेवयांचा धंदा काढण्याचे बेत करीत असतो, मुलींना आणखी पैसे देतां यावेत म्हणून.