औष्णिक विजेचा पाठ आणि राहून गेलेला हिशेब

दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' (2018) या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हा पाठ आहे. त्याची मांडणी नेटकी आहे. कोळशातील रासायनिक ऊर्जा उष्णतेत, मग टर्बाइनच्या गतीत आणि शेवटी विजेत कशी बदलते, हे त्यातून नीट समजते. कोळसा जळताना कोणते वायू बाहेर पडतात, तेही पाठ सांगतो. आमची तक्रार वेगळी आहे. केंद्रांची क्षमता मेगावॅटमध्ये दिली आहे, वायूंची नावे दिली आहेत. पण या दोहोंना जोडणारे गणित नाही. विद्यार्थी नावे पाठ करतो, प्रमाण मात्र त्याला उमगत नाही.

मुळात मेगावॅट म्हणजे ऊर्जा नव्हे, ऊर्जा देण्याचा वेग. चंद्रपूरचे 210 मेगावॅटचे दोन जुने संच बंद झाल्यावर त्या केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट उरली. प्रत्यक्ष वीज किती मिळाली, हे संच किती तास आणि किती भाराने चालले यावर ठरते. 500 मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला, तर 1 कोटी 20 लाख युनिट वीज मिळते.

आता एका युनिटचा हिशेब मांडू. त्यासाठी आपल्याकडचा कोळसा सुमारे 700 ग्रॅम लागतो. त्यात 40 टक्के कार्बन धरला, तर तो 280 ग्रॅम होतो. 12 ग्रॅम कार्बनापासून 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बनतो, म्हणजे एका युनिटमागे सुमारे एक किलो. राखेचे प्रमाण 35 टक्के धरल्यास पाव किलो राख उरते. वरचा संच दिवसाला सुमारे 12 हजार टन कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि जवळजवळ 3 हजार टन राख मागे ठेवतो. दहावीच्या मुलांना यातले काहीच अवघड नाही.

पाण्याचाही हिशेब हवा. केंद्र सरकारच्या 2015 च्या नियमांनुसार जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरण्याची मुभा आहे. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते, हे येथे आठवावे.

असा ताळेबंद शिकवण्याजोगा आहे का, अशी शंका घेणाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारकडे पाहावे. तेथे पाऊस मोजतात, उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरवतात. 'पाणी जपून वापरा' या उपदेशाने जे होत नाही, ते आकडे समोर आल्यावर होते. मग विजेच्या बाबतीत आपण उपदेशावर का थांबावे?

शिक्षकांनी मुलांना घरचे वीजबिल आणायला सांगावे. महिन्याला 100 युनिट असतील आणि ती सगळी कोळशाची धरली, तर 70 किलो कोळसा, 100 किलो कार्बन डायऑक्साइड, 25 किलो राख आणि 350 लिटरपर्यंत पाणी. वीज आपल्या घरी येते, राख आणि धूर चंद्रपूरकरांच्या वाट्याला राहतात. नव्या केंद्राला हो म्हणायचे की नाही, हे उद्या याच मुलांना ठरवायचे आहे. पुढच्या आवृत्तीत या गणितासाठी अर्धे पान तरी मिळावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.