टाळ्यांच्या पुढचे दोन प्रवेश

मागे एका शाळेच्या स्नेहसंमेलनात शेक्सपिअरच्या 'जूलिअस सीझर' ह्या नाटकातील फोरमचा प्रवेश आम्ही पाहिला. अँटनी झालेला मुलगा नववीतला असावा. पांढरी चादर खांद्यावर टाकून तो बाकावर चढला आणि सीझरच्या प्रेतापुढचे ते लांबलचक भाषण त्याने एकदाही न अडखळता म्हटले. खाली बसलेल्या वीसपंचवीस मुलांनी रोमन नागरिक होऊन आरोळ्या ठोकल्या. पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि त्या कडकडाटातच पडदा पडला. प्रयोग चांगलाच झाला. पण पडदा जेथे पडला त्या जागेविषयी आमची तक्रार आहे, आणि ती केवळ त्या एका शाळेविषयी नाही.

आय.सी.एस.ई.च्या अभ्यासक्रमात हे नाटक अनेकदा लागले आहे, त्यामुळे आपल्या पुष्कळ घरांतून त्याचे पुस्तक आणि त्याहून जाडजूड गाइड सापडते. अँटनीच्या भाषणातील अलंकार गाइडात ओळीने मांडलेले असतात : येथे पुनरुक्ती, येथे उपरोध, येथे वक्तृत्वपूर्ण प्रश्न. ब्रूटसला सन्मान्य म्हणत म्हणत त्याची अब्रू धुळीला मिळवण्याच्या ह्या तऱ्हेला आपले साहित्यशास्त्र व्याजस्तुती म्हणते. मुले नाव पाठ करतात आणि गुण मिळवतात. परंतु अलंकाराचे नाव कळले म्हणून त्याचा मार कळला, असे होत नाही. तोच शब्द पहिल्या वेळी आदराने, पुढे किंचित थांबून, आणि शेवटी दातओठ खाऊन उच्चारला गेला म्हणजे काय घडते, हे कागद सांगू शकत नाही. त्यासाठी आवाज लागतो, आणि तो आवाज अंगावर घेणारी गर्दी लागते.

ह्या प्रवेशात काव्य आणि वक्तृत्व एकमेकांना चिकटून उभे आहेत, म्हणूनच शिक्षकाच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे. ब्रूटस गद्यात बोलतो. त्याची वाक्ये तराजूच्या पारड्यांसारखी समतोल आहेत. तो कारणे देतो, प्रश्न विचारतो, उत्तराची वाट पाहतो. अँटनी पद्यात बोलतो. यमक नाही, पण पाच आघातांची ती ओळ रक्ताच्या ठोक्यासारखी चालत राहते, आणि तो रडण्याच्या निमित्ताने मधेच थांबला की ऐकणाऱ्याचाही श्वास थांबतो. पद्य कशासाठी, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. ह्या दोन भाषणांच्या पाठोपाठ त्याचे वेगळे उत्तर द्यावे लागत नाही. दोघे ज्यावर चढून बोलतात त्याला नाटकात 'पुल्पिट' हाच शब्द आहे; आपल्या वाचकांना तो परका नाही. ब्रूटस भाषण संपेपर्यंत वरच राहतो. अँटनी मात्र लोकांची परवानगी मागून खाली उतरतो, त्यांना प्रेताभोवती गोल उभे करतो आणि मग सीझरचा झगा हातात घेतो. त्या चार पायऱ्या उतरण्यात जे वक्तृत्व आहे ते कोणत्याही अलंकाराच्या यादीत नाही.

झग्यावरील छिद्रे दाखवून तो सांगतो, ही कॅशिअसच्या खंजिराची, ही कास्काची, ही ब्रूटसची. आता गंमत अशी, की हत्येच्या क्षणी अँटनी तेथे नव्हताच. ट्रेबोनिअस त्याला आधीच बाजूला घेऊन गेलेला असतो. प्रेक्षकांनी हे थोड्याच वेळापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते, तरीही तो बोट ठेवतो त्या छिद्राकडे सगळे पाहतात आणि विश्वास ठेवतात. पुस्तक वाचणारा विद्यार्थी पाने उलटून अँटनीला पकडू शकतो. नाटकगृहातला विद्यार्थी स्वतःच पकडला जातो. आपण फसलो, हे नंतर कळणे हाच मन वळवण्याच्या भाषेचा खरा धडा आहे, आणि तो जिवंत माणसासमोर बसल्यावाचून मिळत नाही असे आम्हांला वाटते.

जिवंत प्रयोगाचा शालेय मुलांवर काय परिणाम होतो, हे अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात काही संशोधकांनी तपासले. सोडतीने काही विद्यार्थ्यांना नाटकाला नेले, काहींना नाही. त्यांचा पहिला वृत्तान्त 2014 साली प्रसिद्ध झाला. 'हॅम्लेट' पाहून आलेल्यांना कथानक आणि त्यातील शब्द अधिक कळले होते, शिवाय दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची जाणही वाढलेली दिसली. आकड्यांत आम्ही शिरत नाही. शब्दार्थांची यादी पाठ न करता शब्द कळतात एवढे मानले तरी पुरे.

ऑर्सन वेल्स ह्याला हे फार आधी उमगले होते. अमेरिकेतील वुडस्टॉक गावी टॉड स्कूल नावाच्या शाळेत तो शिकला, आणि तेथील आपले गुरू रॉजर हिल यांच्यासह त्याने 1934 साली शेक्सपिअरच्या तीन नाटकांच्या शालेय आवृत्त्या काढल्या. 'जूलिअस सीझर' त्यांपैकी एक. वेल्स तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. ही नाटके घोकायची नसून करून पाहायची आहेत, हे पुस्तकाचे धोरण होते. तीन वर्षांनी, 11 नोव्हेंबर 1937 रोजी, त्याच वेल्सने न्यूयॉर्कच्या मर्क्युरी थिएटरमध्ये हे नाटक आधुनिक लष्करी गणवेशात उभे केले. युरोपात तेव्हा सभा-संमेलनांतून काय चालले होते ते प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. त्याने संहितेची निर्दयपणे काटछाट केली, पण पूर्वीचे बहुतेक नाट्यनिर्माते जो प्रवेश गाळत तो मात्र त्याने राखला, एवढेच नव्हे तर प्रयोगाचा कळस केला. तो सिना कवीच्या मरणाचा.

अँटनीच्या भाषणानंतर लगेच हा प्रवेश येतो. पेटलेले नागरिक रस्त्यात एका माणसाला अडवतात : नाव काय, कोठे निघालास, राहतोस कोठे, लग्न झाले आहे का? नाव सिना. कटात त्याच नावाचा एक इसम होता. मी तो नव्हे, मी कवी आहे, असे हा कळवळून सांगतो. तर मग वाईट कवितांबद्दल मारा, असे उत्तर येते. त्याच्या पुढच्या प्रवेशात अँटनी मेजाशी बसून कोणाकोणाला ठार करायचे त्याची यादी तयार करताना दिसतो. ज्या मृत्युपत्रातील माणशी पंचाहत्तर द्राख्म्यांच्या देणगीने त्याने लोकांना वेडे केले, तेच मृत्युपत्र तो मागवून घेतो आणि त्यातला खर्च कसा कमी करता येईल ते पाहू, म्हणतो.

स्नेहसंमेलनात हे दोन्ही नव्हते. वेळ नव्हता, असे सांगण्यात आले. वेळेची अडचण आम्ही जाणतो. परंतु टाळ्यांवर पडदा पाडला की मुलांच्या हाती एवढेच लागते, की असे बोलता आले तर जिंकता येते. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धाही त्यांना हेच शिकवतात. तेथे बोलणाऱ्याला ढाल मिळते, ऐकणाऱ्याला काही मिळत नाही. त्या दिवशी आरोळ्या ठोकणाऱ्या वीसपंचवीस मुलांना, आपण आत्ता ज्याच्यासाठी ओरडलो त्याने पुढे काय केले आणि आपण स्वतः काय केले, हे कोणी दाखवलेच नाही. सिनाचा प्रवेश जेमतेम चाळीस ओळींचा आहे. नेपथ्य लागत नाही, पोशाखही लागत नाही. अँटनीसाठी खणखणीत आवाजाचा मुलगा शोधावा लागतो. सिनाचे काम शेवटच्या बाकावरच्या, हळू बोलणाऱ्या मुलालाही देता येईल, आणि नागरिक तर रंगमंचावर आधीपासून उभेच असतात.