आम्ही, तुम्ही आणि ते : शाहीर साबळे यांच्या कलाजीवनाचा भाषिक विचार

कृष्णराव गणपतराव साबळे, म्हणजे महाराष्ट्राला परिचित असलेले शाहीर साबळे (१९२३–२०१५), यांच्याविषयी जे लिहिले गेले आहे, त्याचा बहुतेक भाग गौरवपर आहे. त्यांच्या पहाडी आवाजाची थोरवी सांगावी, त्यांनी केलेल्या निरनिराळ्या कामांची यादी द्यावी आणि ‘असा कलावंत पुन्हा होणे नाही’ या वाक्याने समारोप करावा, अशी या लेखनाची ठरलेली रीत आहे. गौरव अस्थानी आहे असे नव्हे. तथापि यादी म्हणजे मीमांसा नव्हे. स्वातंत्र्यलढ्यातील शाहीर, मुक्तनाट्याचा कर्ता नट, ध्वनिमुद्रिकांवरून घरोघरी पोचलेला गायक आणि ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमाचा सूत्रधार या चार भूमिकांमध्ये काही आंतरिक सूत्र आहे काय, आणि असल्यास त्या सूत्राने लोककलेच्या भाषेचे नेमके काय केले, हा प्रश्न या यादीतून सुटत नाही. प्रस्तुत लेखात तो भाषेच्या अंगाने मांडला आहे, आणि त्याच्या उत्तराची पारख धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाच्या परिसरावर करून पाहिली आहे.

१

साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी सातारा जिल्ह्यात वाईनजीकच्या पसरणी या गावी झाला. बालपणाचा काही काळ अमळनेरला गेला, आणि तेथे साने गुरुजींचा प्रभाव त्यांच्यावर पडला. १९४२ च्या आंदोलनापासून त्यांचा डफ सार्वजनिक कार्याशी जोडला गेला. हैदराबाद आणि गोवा या दोन्ही मुक्तिसंग्रामांत आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी शाहिरी केली. १९६० नंतर ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आंधळं दळतंय’ यांसारखी त्यांची मुक्तनाट्ये गाजली. त्यानंतरच्या काळात ‘महाराष्ट्राची लोकधारा’ उभी राहिली. वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, कोळीनृत्य, बाल्यानृत्य, मंगळागौर, लावणी अशी नाना रूपे तिने एकाच रंगमंचावर, एकाच संध्याकाळी प्रेक्षकांसमोर आणली. १९८४ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९९८ ची पद्मश्री हे या कार्याचे राजमान्य टप्पे होत. २० मार्च २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

या कालक्रमाकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक टप्प्यावर कलावंत, श्रोता आणि वर्ण्य विषय यांचे परस्पर नाते बदललेले आहे. आणि हे नाते पुरुषवाचक सर्वनामांच्या भाषेत नेमकेपणाने सांगता येते. पहिल्या टप्प्यात शाहीर ‘आम्ही’ म्हणून बोलतो, दुसऱ्यात तो ‘तुम्ही’ म्हणून श्रोत्याला विचारतो, आणि तिसऱ्यात तो ‘ते’ दाखवतो. येथे अभिप्रेत आहे तो गीतात प्रत्यक्ष आलेला शब्द नव्हे, तर प्रयोगाच्या मुळाशी असलेला संवादाचा पवित्रा होय.

२

चळवळीच्या शाहिरीत गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये रंगमंचाची रेषा नसते. झीलकऱ्यांनी ध्रुपद उचलले की सभा ते उचलते आणि ‘आम्ही’ या सर्वनामाची व्याप्ती क्षणात वाढते. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या शाहिरीचे सामर्थ्य हेच होते. साबळे यांचा पक्ष आणि विचार यांहून वेगळा असला, तरी प्रयोगाचे व्याकरण एकच होते. राजा बढे यांनी लिहिलेले व श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत साबळे यांच्या कंठातून महाराष्ट्रभर गेले. त्याच्या शीर्षकातील ‘माझा’ हा शब्द एकवचनी असूनही प्रत्यक्षात बहुवचनी आहे, कारण तो ज्या क्षणी उच्चारला जातो त्या क्षणी प्रत्येक श्रोत्याचा होतो. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने या गीताला राज्यगीताचा दर्जा दिला, तो या व्याकरणाचा औपचारिक स्वीकारच म्हटला पाहिजे.

मुक्तनाट्यात हा पवित्रा बदलला. राज्य मिळाले होते. आता त्या राज्यात काय चालले आहे हे विचारण्याची वेळ होती. तमाशातील गण, गौळण आणि वग यांची बांधणी सैल करून, सोंगाड्याच्या हजरजबाबीपणाला मध्यभागी आणून साबळे यांनी श्रोत्यालाच प्रतिवादी केले. ‘आंधळं दळतंय’ हे शीर्षक या दृष्टीने लक्षणीय आहे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. शीर्षकात तिचा केवळ पूर्वार्ध दिला आहे. उत्तरार्ध प्रेक्षकाने मनात पुरा करावयाचा. पुरा करताच ‘कुत्रे कोण?’ हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो, आणि त्याहून अवघड असा ‘आंधळे कोण?’ हाही. मुंबईतील मराठी माणसाच्या स्थितीवरील हे भाष्य इतके झोंबले, याचे कारण त्यातील युक्तिवाद नव्हे, तर श्रोत्याकडून वाक्य पुरे करून घेण्याची ही रीत होय.

‘लोकधारे’त तिसरे नाते प्रस्थापित झाले. येथे वासुदेव येतो. पण तो प्रेक्षकाच्या दारी आलेला नसतो. येथे गोंधळ होतो. पण तो कोणाच्या घरचा नसतो. ‘महाराष्ट्रात असे असे लोक आहेत, ते असे गातात, असे नाचतात’ या अध्याहृत वाक्याचे कर्म म्हणून सर्व रूपे रंगमंचावर येतात. नागर प्रेक्षकाला आपल्याच आजोळची ओळख नव्याने करून देणारा हा उपक्रम होता. गिरणगावातील आणि उपनगरांतील दोन पिढ्यांना वासुदेव कसा दिसतो हे या कार्यक्रमाने सांगितले. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यानंतर लोककलांचे जे सादरीकरण रूढ झाले, त्यालाही थोडक्या वेळात बसणारी, वेषभूषेने तत्काळ ओळखू येणारी हीच चौकट सोयीची होती. असे अन्यत्रही घडले आहे. सोव्हिएत रशियात इगोर मोइसेयेव्ह यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेल्या नृत्यसंघाने खेड्यांतील नाच रंगमंचाच्या शिस्तीत बसवले. अमेरिकेत १९२५ पासून नॅशव्हिलच्या नभोवाणीने डोंगराळ भागातील गायकांना ‘ग्रामीण गायक’ ही व्यावसायिक भूमिका दिली, आणि पुढे दूरचित्रवाणीने तीच भूमिका अधिक ठळक केली. लोककला ज्या क्षणी दाखवण्याची वस्तू होते, त्या क्षणी तिचा पुरुष बदलतो.

३

या विधानाची पारख करावयाची, तर ही रूपे आपापल्या मूळ प्रसंगाला धरून असलेला प्रदेश घ्यावा लागेल. तेर हे त्यासाठी योग्य ठिकाण आहे. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’मध्ये दक्षिणापथाची बाजारपेठ म्हणून त्याचा उल्लेख येतो. वारकरी परंपरेत ते संत गोरोबाकाकांचे गाव आहे. परंपरेनुसार शके १२३९ मध्ये (इ. स. १३१७) त्यांनी येथे समाधी घेतली, आणि चैत्रात येथे त्यांची यात्रा भरते. तुळजाभवानीचे तुळजापूर याच जिल्ह्यात असल्यामुळे भजन-भारुडाइतकीच गोंधळाचीही ही भूमी आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यात होता. म्हणजे ज्या हैदराबाद मुक्तिसंग्रामासाठी साबळे यांच्यासारख्या शाहिरांनी डफ वाजवला, तो याच प्रदेशाचा लढा होता. त्या वेळी तो ‘आम्ही’मध्ये समाविष्ट होता. ‘लोकधारे’च्या महाराष्ट्रात त्याचे स्थान कोणते, हे पाहावयाचे आहे.

प्रथम गोंधळ घेऊ. घरातील मंगलकार्यानंतर कुळाचार म्हणून गोंधळ घातला जातो. चौक भरणे, कलशस्थापना, दिवटी, संबळ आणि तुणतुणे ही त्याची अंगे. आरंभी गोंधळी गावोगावच्या दैवतांना नावानिशी पाचारण करतो. भाषेच्या दृष्टीने हे पाचारण वर्णन नसून कृती आहे: नाव घेतल्याने दैवत येते, आणि त्याच्या साक्षीने यजमानाचा कुळाचार पुरा होतो. संबोधन देवतेला आहे, श्रोत्याला नाही. रंगमंचावर तीच नावे, त्याच चालीत, त्याच संबळावर घेतली जातात. परंतु यजमान नाही, फेडावयाचा कुळाचार नाही, आणि संबोधन प्रत्यक्षात प्रेक्षागृहाकडे वळलेले आहे. आवाहनाचे रूप राहिले, अर्थ निघून गेला. वासुदेवाचेही असेच आहे. दान पावल्याची पोच निरनिराळ्या दैवतांच्या नावे देणे हा त्याच्या गाण्याचा गाभा. जेथे दानच नाही तेथे ती पोच कशाची?

भारुडाची गोष्ट मात्र निराळी आहे. एकनाथांनी भारुडे रचली तीच मुळी सोंगाच्या रूपाने. विंचू चावलेला माणूस, जोशी, महार, मुका या भूमिका घेऊन बोलणारा ‘मी’ हा आरंभापासून नाट्यातील ‘मी’ आहे. त्याला प्रेक्षक हवाच असतो. म्हणून ‘विंचू चावला’ साबळे यांच्या तोंडी आले, तेव्हा त्याचे काही हरवले नाही. उलट हुंदके, थांबे आणि स्वराचे चढउतार यांनी त्याला जो देह मिळाला, तो त्यांच्या गायकीचा उत्कर्षबिंदू मानावा लागेल. या तुलनेतून एक निकष हाती येतो. जे रूप मुळातच प्रेक्षकाला उद्देशून होते, ते साबळे यांच्या हाती फुलले. जे देवतेला वा दात्याला उद्देशून होते, ते सुंदर झाले पण पोकळही झाले. ‘लोकधारे’चे मूल्यमापन एका शब्दात करणे यामुळे अयुक्त ठरते. ते प्रत्येक प्रवेशागणिक वेगळे करावे लागते.

दुसरी बाब बोलीची. रंगमंचावर ‘ग्रामीण’ म्हणून जी मराठी रूढ झाली, तिचा पाया बहुधा सातारा-कोल्हापूरकडील बोलींचा आहे. साबळे स्वतः त्या प्रदेशाचे असल्याने त्यांच्या तोंडी ती स्वाभाविक होती. कोळीगीतांत कोकणचा उच्चार येतो, तोही ओळखू येईल इतका. परंतु धाराशिव-लातूरकडे ‘काय करूलालास’ असे जे अपूर्ण वर्तमानाचे रूप नित्य ऐकू येते, त्याला या रंगभाषेत जागा मिळाली नाही. मराठवाड्याचे दैवत रंगमंचावर आले, त्याचे क्रियापद आले नाही. एका कलावंताचा हा दोष म्हणता येणार नाही. संपूर्ण राज्याला समजेल अशी एक ‘लोकभाषा’ घडवावयाची, तर काही रूपे गाळली जाणारच. प्रमाणभाषा अशीच घडते. लोकभाषेचेही प्रमाणीकरण होते, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे.

४

यावर एक आक्षेप संभवतो. मूळ प्रसंगच लोपत असता त्यांच्याविना उरलेली रूपे सांभाळणाऱ्याला दोष का द्यावा? आक्षेप बिनतोड नसला तरी वजनदार आहे. साबळे यांनी केवळ रूपे सांभाळली नाहीत. लोककलावंताला त्यांनी प्रतिष्ठेचे स्थान दिले, आणि पसरणीस वृद्ध कलावंतांसाठी तपस्याश्रमाची उभारणी केली. त्यांच्या पथकात केदार शिंदे, भरत जाधव, अंकुश चौधरी यांसारखी पुढे नावारूपास आलेली मंडळी घडली. जतनाचे मोल नाकारण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न आहे तो जतन केलेल्या वस्तूकडे पाहण्याचा. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या मातीतून मिळालेल्या मृण्मूर्ती आणि हस्तिदंती बाहुली जपून ठेवलेल्या आहेत. त्या तेथे नसत्या तर कदाचित नष्ट झाल्या असत्या. परंतु कपाटातील बाहुली पाहून सातवाहनकालीन घर पाहिले असे कोणी म्हणत नाही. ‘लोकधारा’ पाहून मात्र गोंधळ पाहिला असे सर्रास म्हटले जाते, आणि लोकसाहित्याच्या प्रबंधांतही रंगमंचीय संहिता मूळ संहितेच्या जागी उद्धृत होऊ लागतात. धोका येथे आहे, आणि तो साबळे यांनी नव्हे, अभ्यासकांनी निर्माण केलेला आहे.

संतमेळ्यात गोरोबांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक वाजवून कोणाचे मडके पक्के आणि कोणाचे कच्चे हे सांगितले, अशी आख्यायिका आहे. कुंभाराची ही कसोटी आवाजाची आहे, रंगाची नाही. साबळे यांच्या कलाजीवनाला ती लावली, तर चळवळीचे गीत, मुक्तनाट्य आणि भारुड यांतून खणखणीत आवाज येतो. विधिगीतांच्या सादरीकरणातून तो तितका येत नाही, जरी त्यावरील नक्षी सर्वांत देखणी असली तरी.

२०२३ मध्ये ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक शाहिरांचे नातू केदार शिंदे, आणि शाहिरांच्या भूमिकेत अंकुश चौधरी. ज्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात ‘ते’ दाखवले, ते स्वतःच आता दाखवण्याचा विषय झाले. त्यांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास करणाऱ्याने यापुढे प्रत्येक गीताशी एक साधी नोंद ठेवली पाहिजे: हे गीत मुळात कोणी, कोणाला उद्देशून, कोणत्या प्रसंगी म्हणत असे, आणि ध्वनिमुद्रणात ते कोणाला उद्देशून आहे. तुळजापूर आणि तेरच्या परिसरातील गोंधळी, भजनी आणि भारुडकार यांच्या तोंडची रूपे त्यांच्या क्रियापदांसह टिपून या नोंदींशेजारी ठेवली, म्हणजे शाहिरांनी काय उचलले, काय बदलले आणि काय स्वतःचे घातले, हे वेगळे करता येईल. शाहिरांचे खरे कर्तृत्व त्या तिसऱ्या रकान्यात सापडेल; आणि तो रकाना रिकामा राहणार नाही, याची ग्वाही एकट्या ‘विंचू चावला’च्या ध्वनिमुद्रणावरूनही देता येते.